कुणी ‘थांबा’ म्हणेपर्यंत

४ जून

वन्सं,

सुखरूप पोचले. सामानही पोचलं, फक्त तुम्ही दिलेली उशी गाडीतच राहिली. रागावू नका, डोकं सोबत आलं हेच नशीब समजा.

खोली टायरच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर हातोडा चालतो, त्यामुळे एकटं वाटून घ्यायला सवड मिळत नाही. कामाची जागा चालत दहा मिनिटांवर. शहराच्या पाण्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा म्हटल्यावर मला केवढं काय वाटलं होतं! प्रत्यक्षात तीन खोल्या, एक लांबलचक ओटा आणि त्यावर काचेच्या नळ्याच नळ्या. कॉलेजात सोळा वर्षांपूर्वी हे सगळं हाताळलं होतं, आता निम्म्या वस्तूंची नावंसुद्धा आठवत नाहीत. पहिल्याच दिवशी एक नळी फोडली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, ही काच आहे, लाटणं नव्हे.” संध्याकाळपर्यंत तीनदा बोलले. पण तीनदा दाखवलंही, हे मान्य करायला हवं. “आता तुम्ही करा,” म्हणाले आणि शेजारी उभे राहिले. माझे कान लाल झाले होते, पण चौथ्या वेळी जमलं.

सहा महिने उमेदवारी. मग बाहेरून कुणी येऊन परीक्षा घेणार. पास झाले तर कायम, आणि मागच्या आवारात दोन खोल्यांची जागा मिळते. दोन खोल्या म्हणजे चिमणी माझ्याजवळ. मला दुसरं काही नको. तुमचे दादा जाऊन वर्ष झालं, आता पोरही लांब. हे फार दिवस सोसणार नाही मला.

चिमणी जेवते का नीट? झोपताना माझी जुनी शाल हाताशी द्या, नाहीतर किरकिर करते.

तुमची
वहिनी


१३ जून

वहिनी,

उशी गेली ती गेली, तू तरी नोकरीत टिकून राहा. पी हळद आणि हो गोरी असं कुठल्या कामात नसतं, आणि तुझ्यासारख्या हळवीला तर वेळ लागणारच. साहेब तोंडाचे फाटके आहेत, पण आमच्या ह्यांचे शाळासोबती. त्यांच्या शब्दावरच तुला ही जागा मिळाली. सगळ्यांसमोर बोलतात म्हणजे काय? ते मी बघते. तू काळजी करू नकोस. काही अडलं की सरळ त्यांनाच विचारत जा, लाजू नकोस.

चिमणी मजेत आहे. पहिले दोन दिवस दारात बसून राहिली, मग मीच दार लावून घेतलं. आता मागे मागे फिरते. काल म्हणाली, “आत्या, तुझ्या हातचं जास्त छान लागतं.” मी म्हटलं, असं बोलू नये, आईला वाईट वाटेल. तुला वाटलं का वाईट? मला तर मेलीला हसूच आलं. साडेचार वर्षांची चिमुरडी, पण जीभ बघ कशी!

शाल जुनाट झालीय, धुवायला काढलीय.

तुझी
नणंद


१० जुलै

वन्सं,

काय जादू केलीत कोण जाणे, साहेब पार बदलले! आवाज खाली आला, आणि मी ओट्याशी उभी राहिले की स्वतः येऊन शेजारी थांबतात.

तुम्हाला समजावून सांगते. पाण्याचा जडपणा मोजायचा असतो. चंबूत पाणी घ्यायचं, त्यात नाकात झिणझिण्या आणणारं एक औषध आणि चिमूटभर पूड टाकायची, की पाणी लालभडक होतं. मग वर बुरेट लावलेली असते, म्हणजे खाली इवलासा नळ असलेली उभी काचेची नळी. त्यातून एक औषध थेंब थेंब सोडत चंबू हलवत राहायचं. लालाचं जांभळट होतं आणि जांभळटाचं निळं. ज्या थेंबाला निळं झालं त्याच थेंबाला नळ बंद! एक थेंब जास्त पडला तरी आकडा चुकला. सगळी कला त्या शेवटच्या थेंबात आहे.

तर मी नळ सोडते आणि साहेब शेजारी उभे राहून बरोबर वेळी “थांबा!” म्हणतात. मी थांबते. आकडा दर वेळी अचूक. कधी मी अंदाज चुकतेय असं दिसलं तर म्हणतात, “आणा इकडे,” आणि शेवटचे थेंब स्वतःच सोडतात. महिन्याभरात माझी एक चूक नाही, वन्सं! वहीत सगळे आकडे बरोबर. एवढी मदत करणारा वरिष्ठ कुणाला मिळतो?

पुढच्या आठवड्यात दोन दिवसांची रजा मिळालीय. चिमणीला सांगा, मी येतेय.

वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

रागावणार नसशील तर स्पष्ट लिहिते. तू येऊन गेलीस आणि पोरीनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. रात्री अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, कशाची तरी ओढ लागलीय. तू दोन दिवसांची पाहुणी होऊन येतेस, तुझं मन भरतं, आणि निस्तरायचं आम्ही. तेव्हा परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस. तिच्याच भल्यासाठी सांगतेय. पत्रात काय लिहायचं ते लिही, मी वाचून दाखवेन.

इथल्या शाळेत तिचं नाव घातलं. आईच्या रकान्यात तात्पुरतं माझं नाव दिलंय. रोज आणायला-सोडायला मी जाणार, सह्या मी करणार, बाईंना उत्तरं मी देणार. उगीच घोळ कशाला?

साहेब मदत करतात हे वाचून बरं वाटलं. करू दे की. आपण होऊन मिळतंय ते नाकारू नये.

तुझी
नणंद


१८ सप्टेंबर

वन्सं,

नाही येत. तुम्ही म्हणता तर नाही येत. तिला ताप आला हे वाचून मी दिवसभर ओट्याशी डोळे पुसत होते. साहेबांनी त्या दिवशी माझं सगळंच काम करून टाकलं. शाळेच्या रकान्याचं वाचून वाईट वाटलं, पण तुमचंही खरं आहे, रोज तुम्हीच जाणार.

एक खटकतंय ते सांगते. इथं नळांवरून पाण्याच्या बाटल्या भरून आणणारा एक म्हातारा आहे, त्याला सगळे बाटलीवाले म्हणतात. काल मला म्हणाला, “बाई, बुरेट तुमच्या हातात आणि तुम्ही साहेबांच्या हातात.” सगळे हसले. मीही हसले, पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. आज सकाळी साहेबांना म्हटलं, “मला एकटीला करू द्या, चुकलं तर चुकलं.” तर म्हणाले, “कशाला डोक्याला ताप करून घेता? मी आहे ना.” इतक्या प्रेमानं म्हणाले की मीच बुरेटपासून बाजूला झाले. पण डिसेंबरात परीक्षा आहे, आणि तेव्हा ते नसतील.

मी काय करू? तुमची त्यांच्याशी ओळख आहे. तुम्ही एका शब्दानं सांगाल का?

चिमणीला माझा मोठा पापा.

वहिनी


३० सप्टेंबर

वहिनी,

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच! बोलले तेव्हा तू रडलीस, आता बोलत नाहीत म्हणून रडतेस. बाटलीवाल्याचं कसलं मनावर घेतेस? पाणी भरणाऱ्यानं पाणी भरावं. तू साहेब म्हणतील तसं कर, त्यांचं मन दुखवू नकोस. तुझ्यासाठी मी आणखी काही सांगायला गेले तर ते म्हणतील, ही बाई सारखी कटकट करते.

चिमणीला तुझा पापा दिला. “कुणाचा?” म्हणाली. मुलं काय, काहीही बोलतात.

तुझी
नणंद


६ डिसेंबर

वन्सं,

नापास झाले.

तुम्हाला सगळं सांगते, नाहीतर छाती फुटेल. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. केस पांढरे, स्वभावानं कोरड्या, पण दुष्ट नव्हत्या. साहेबांना बाहेर बसवलं. माझ्यापुढे तीन चंबू ठेवले. मी पाणी मोजलं, औषध घातलं, पूड घातली, सगळं बरोबर. लाल झालं. नळ सोडला, चंबू हलवायला लागले. जांभळट झालं. आणि मी ऐकत राहिले.

वन्सं, मी बघत नव्हते, मी ऐकत होते! निळं झालं असेल, कधी झालं मला माहीत नाही. निळ्यावर आणखी थेंब पडले तर ते आणखी निळं होत नाही, तसंच दिसतं, त्यामुळे काहीच कळत नाही. नळी अर्धी रिकामी झाली. शेवटी बाईंनी विचारलं, “कशाची वाट बघताय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा म्हणायची.”

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून चंबू काढून घेतला आणि विचारलं, “सहा महिने तुम्ही इथं काय करत होतात?” उरलेले दोन चंबू करायला दिलेच नाहीत.

साहेबांनी माझ्याबद्दलचा शेरा लिहून बंद पाकिटात वरच्या ऑफिसात पाठवलाय. त्यात काय आहे ते मला दाखवलं नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

दोन खोल्यांसमोरून रोज जावं लागतं. खिडकीत चिमणीचं अंथरूण कुठं घालायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

वहिनी


१४ डिसेंबर

वहिनी,

व्हायचं ते झालं, आता रडून काय उपयोग? तुझा पिंडच तो नव्हे. “स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत नाही” असा शेरा पडला म्हणून काही आयुष्य संपत नाही. कुवत नसणं हा काही गुन्हा नाही. तिथंच एखादं साधं काम बघ, हिशेब नको, नळ्या नको, कसली जबाबदारी नको. आणि चिमणीचं मनातून काढून टाक. टायरच्या दुकानावर पोर वाढवणार का तू? ती इथं रुळलीय. तिला उपटून नेशील तर दोघींचे हाल.

हे तुला लागेल, पण आपलं माणूसच खरं बोलतं.

तुझी
नणंद


५ जानेवारी

वन्सं,

शेऱ्यातले शब्द मी तुम्हाला लिहिले नव्हते. मला ते माहीतच नव्हते. ते तुमच्या पत्रात पहिल्यांदा वाचले.

पत्र घेऊन साहेबांकडे गेले. समोर ठेवलं आणि उभी राहिले. त्यांनी ते वाचलं. मग ड्रॉवरमधून तुमची दोन पत्रं काढून माझ्या हातात दिली. तुम्हाला आठवत नसतील, म्हणून उतरवून पाठवते.

पहिलं, सोळा जूनचं: “माझी वहिनी मनानं काचेची आहे. तिच्या हातून चूक झाली आणि कुणी बोललं तर ती उन्मळून पडेल. तिला सांभाळून घ्या. अवघड काम तिच्यापर्यंत येऊच देऊ नका, तुम्हीच करत जा. चूक होऊ देऊ नका एवढीच विनंती.”

हे वाचून मला रडू आलं. वाटलं, वन्संना माझी केवढी काळजी. भोळेपणानं लिहिलं असेल.

दुसरं, नोव्हेंबरातलं. साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं की हिची तयारी झालेली दिसत नाही, परीक्षा दोन महिने पुढे ढकलू का. तुम्ही लिहिलंत: “मुळीच ढकलू नका. काय व्हायचं ते एकदा होऊन जाऊ दे, म्हणजे पोरीचा प्रश्न सुटेल.”

कुठल्या पोरीचा प्रश्न, वन्सं? माझ्या?

केसानं गळा कापलात. आणि तो माणूस मला म्हणतो, “मला वाटलं मी मदत करतोय.” सहा महिने माझा हात धरून चालवलं आणि मग स्वतःच लिहून दिलं की हिला चालता येत नाही. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाटलीवाला दाराबाहेर उभा होता, तो सुद्धा निघून गेला.

नियमात एक संधी आणखी आहे, मार्चमध्ये. मी साहेबांना सांगितलंय, मदत करायची तर आता माझ्या पद्धतीनं करा. मी करत असताना एक अक्षर बोलायचं नाही. चूक होऊ द्यायची, पूर्ण होऊ द्यायची, आणि झाल्यावर सांगायचं कुठं चुकलं. आता ते माझ्याकडे पाठ करून बसतात. पहिल्या आठवड्यात चाळीस चंबू बिघडवले. चाळीस! प्रत्येक वेळी ते वळून बघतात, आकडा सांगतात आणि परत पाठ करतात. माझा अपमान होतो, त्यांचाही होतो. होऊ दे.

मुलगी तुमच्याकडे ठेवायला दिली होती. दान दिली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसू नका.


२० जानेवारी

वहिनी,

नागोबा म्हणालीस. म्हण.

पोरीला माझ्या उंबऱ्यात सोडून गेलीस तेव्हा तिच्या पिशवीत दोन फ्रॉक होते आणि एक शाल. तापात तिच्या उशाशी कोण बसलं? शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं माझं बोट सोडलं नाही, अर्धा तास मी बाकावर तिच्याशेजारी बसून होते. तू तेव्हा काय करत होतीस? पाण्यात थेंब मोजत होतीस.

बारा वर्षं मी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. ह्या घरात एक लहान चप्पल यावी म्हणून काय काय केलं ते दादांना माहीत होतं, तुला नाही. आता चप्पल आली आहे. तू मला सांगतेस, ठेवायला दिली होती! ट्रंक ठेवायला देतात, वहिनी. मूल जिथं ठेवतात तिथं ते रुजतं.

हो, लिहिली मी ती पत्रं. पहिलं खरोखर तुझ्यासाठी लिहिलं होतं, तुला पटो न पटो. दुसरं माझ्यासाठी लिहिलं. आज लिहायची वेळ आली तर आजही लिहीन.

दे तुझी परीक्षा.

नणंद


१७ मार्च

वन्सं,

पास झाले. त्याच परीक्षक बाई होत्या. तिन्ही चंबू केले. तिसऱ्याला निळं व्हायच्या आधी मी नळ अर्धा बंद करून एकेक थेंब टाकत होते, आणि खोलीत इतकी शांतता होती की खालच्या नळाचं टपटपणंसुद्धा ऐकू येत होतं. निळं झालं, मी थांबले. माझी मी थांबले. बाईंनी आकडा बघितला आणि फक्त “ठीक” म्हणाल्या. साहेब बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोरून निघून गेले, आभार मानले नाहीत. मानायला हवे होते का, ते मला ठरवता येत नाही.

कायम झाल्याचं पत्र हातात आहे. दोन खोल्यांची किल्ली हातात आहे. खिडकीशी अंथरूण घातलंय.

पाच एप्रिलला सकाळच्या गाडीनं येते आणि चिमणीला घेऊन दुपारच्या गाडीनं परतते. तिचे कपडे बांधून ठेवा. शाळेच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायचा अर्ज मी इथूनच पाठवलाय. तुमच्याशी भांडायला मी येणार नाही, फक्त माझी मुलगी न्यायला येणार आहे. तिला तसं सांगून ठेवा.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

ये. मी दार लावून बसणार नाही. अर्ज शाळेत पोचला, मुख्याध्यापक बाईंनी बोलावून विचारलं. मी खरं ते सांगितलं. कपडे बांधून ठेवते.

तू सांगायला सांगितलंस, मी सांगितलं. तिनं आधी ऐकून घेतलं, मग बाहुलीला अंघोळ घालायला गेली. संध्याकाळी मी म्हटलं, तुला पत्र लिहू या का. कागदावर मी पेन्सिलीनं ठिपके काढून दिले आणि तिनं गिरवलं. मजकूर माझा आहे, ते लपवत नाही. शेवटची ओळ मात्र मी काढून दिलेली नाही. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा तिची तिनंच लिहिली. बघ, त्या ओळीखाली ठिपके नाहीत. वर काय म्हणून लिहायचं हेही तिनंच मला विचारलं होतं. मी म्हटलं, तुला काय म्हणावंसं वाटतं ते लिही. वर्गातल्या मुलींना आईच्या दादाची बायको कोण लागते ते तिनं विचारून घेतलंय म्हणे. मी नाही शिकवलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पण मी नाही शिकवलं.

नणंद

(सोबतचा कागद)

प्रिय मामी,

मी बरी आहे. मी शाळेत जाते. मला शंभरपर्यंत अंक येतात. तू पास झालीस म्हणून मला आनंद झाला.

तु कीती दीवस राहनार